थंडरबर्ड १९५६ : प्रकल्प नोंदी

गाडी: फोर्ड थंडरबर्ड, मॉडेल वर्ष १९५६. इंजिन ३१२ घनइंच वाय-ब्लॉक (फोर्डचं त्या काळचं व्ही-८), गिअरबॉक्स फोर्डोमॅटिक (ऑटोमॅटिक). रंग पीकॉक ब्लू, वर पांढरा फायबरग्लासचा हार्डटॉप. कामाचं ठिकाण मिशिगन. गाडी चालती करायची, आणि जिथे दुसऱ्या वर्षाचा भाग बसवलेला सापडेल तिथे १९५६ चाच भाग परत लावायचा, एवढं ठरलं आहे.

४ नोव्हेंबर २०२३

आधी ओळख पटवली. गाडीचा कारखान्याने दिलेला नंबर P6FH ने सुरू होतो. पहिलं अक्षर इंजिनाचं, ६ म्हणजे १९५६, F म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, H म्हणजे थंडरबर्ड. इथे एक गल्लत नेहमी होते. P हे अक्षर १९५५ च्या गाडीवर असेल तर इंजिन २९२ चं असतं. १९५६ ला P म्हणजे ३१२ आणि २९२ साठी M. त्यामुळे नुसतं P पाहून भाग मागवला तर चुकीचं बेअरिंग घरी येतं: ३१२ च्या मेन जर्नलचा (क्रँकशाफ्ट बेअरिंगवर फिरतो त्या गोल भागाचा) व्यास सुमारे २.६२ इंच आहे, २९२ चा २.५०.

पाटीवर बॉडी 40A. १९५५ च्या गाड्यांनाही हाच कोड आहे, म्हणजे वर्ष ठरवायला त्याचा उपयोग नाही.

पुढच्या पंख्यांवर (चाकांवरच्या पत्र्यांवर, म्हणजे फेंडरवर) उघडणारी हवेची झाकणं आहेत, सुटं चाक मागे बाहेर आहे, बॅटरी १२ व्होल्टची. हे सगळं १९५६ शी जुळतं. न जुळणाऱ्या गोष्टी तीन सापडल्या: स्टीअरिंग १९५५ चं, सपाट, कार्ब्युरेटर नंतरच्या काळातला, बाजारात मिळणारा चार बॅरलचा, आणि मागच्या एक्झॉस्टची ठेवण कोणीतरी हाताने वाकवून केलेली. डिस्ट्रिब्युटर (प्लगना क्रमाने स्पार्क वाटणारा भाग) मात्र मूळचाच आहे, आणि खरी अडचण तिथेच निघणार असं दिसतं. त्याची नोंद पुढे येईल.

११ नोव्हेंबर

हार्डटॉप उतरवला. पुढच्या काचेच्या वर पकडी आहेत, मागे आणि बाजूंना बोल्ट. दोन माणसं लागतातच. एकट्याने उचलायला गेलं की मागचा कोपरा डिकीच्या पत्र्यावर घासतो, आणि या गाडीवर तसा जुना ओरखडा आहेच. खाली ठेवताना काचेवर भार येणार नाही अशा घोड्यावर ठेवला.

हार्डटॉप फायबरग्लासचा आणि बाकी सगळी बॉडी पोलादी पत्र्याची, हा निर्णय गाडीच्या जन्माशी जोडलेला आहे. १९५३ च्या जून महिन्यात शेव्हरोलेची कॉर्व्हेट बाहेर आली. संपूर्ण बॉडी फायबरग्लासची, इंजिन सहा सिलिंडरचं, दाराला बाहेरून मूठ नाही, काचा वरखाली करायला यंत्रणा नाही, बाजूला फक्त लावायचे पडदे. त्या पहिल्या वर्षात ३०० गाड्या बनल्या. फोर्डने मोजमाप तिथून घेतलं, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर) तेवढाच ठेवला, १०२ इंच. बाकी प्रत्येक बाबतीत उत्तर उलटं दिलं: पोलादी बॉडी, व्ही-८ इंजिन, वरखाली होणाऱ्या काचा, हवं असेल तर वीज-खिडक्या, पॉवर स्टीअरिंग, पॉवर ब्रेक, पॉवर सीट. जाहिरातीत 'स्पोर्ट्स कार' हा शब्द टाळून फोर्डने तिला 'पर्सनल कार' म्हटलं. गाडी उघडताना हे पदोपदी जाणवतं. दार बंद होतं ते सेदानच्या दारासारखं, आणि आतल्या काचेची यंत्रणाही सेदानइतकीच भक्कम आहे.

बॉडी बड कंपनी बनवून देई, जुळणी डिअरबॉर्नला होई.

१८ नोव्हेंबर

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्जरवर. फोर्डमध्ये नंबर असे: प्रवाशाच्या बाजूला पुढून मागे १ ते ४, चालकाच्या बाजूला ५ ते ८.

१: १४५, २: १४०, ३: १४२, ४: १३८, ५: १४०, ६: ९५, ७: १२०, ८: १३५ पाउंड.

सहाव्यात चमचाभर तेल घालून पुन्हा पाहिलं: ९८. म्हणजे रिंग ठीक आहेत, गळती व्हॉल्व्हकडे आहे. चालकाच्या बाजूचं रॉकर कव्हर काढलं. रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात तो दांडा) कोरडा, निळसर काळा पडलेला. सहाव्याच्या एक्झॉस्ट रॉकरमध्ये हाताला लागेल एवढी मोकळीक. वाय-ब्लॉकचा हा जुना, ठरलेला आजार आहे.

२ डिसेंबर

रॉकरपर्यंत तेल का पोचत नाही, हे शेवटपर्यंत शोधलं.

तेलाची वाट अशी आहे. पंप, मुख्य गॅलरी, मग कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) मधलं बेअरिंग. तिथून दोन उभ्या वाटा ब्लॉकमधून वर जातात, हेड गॅस्केटमधल्या भोकातून हेडमध्ये, आणि तिथून रॉकर स्टँडमधून पोकळ शाफ्टमध्ये. एवढ्या लांब वाटेवर सगळ्यांत शेवटी रॉकर आहेत. १९५० च्या दशकातलं डिटर्जंट नसलेलं तेल, वर थंडीत छोटे छोटे फेरे, की त्या वाटांमध्ये काळा गाळ साचतो. मधल्या कॅम बेअरिंगची झीज झाली तरी वर जाणारं तेल कमी पडतं.

बाजारात याला बाहेरून तेल देणारी नळ्यांची किट मिळते. तेलाच्या दाबाच्या स्विचजवळून तांब्याच्या नळ्या घ्यायच्या आणि रॉकर शाफ्टला जोडायच्या. पुष्कळ गाड्या त्यावर वर्षानुवर्षं चालल्या आहेत. तरीही इथे ती लावायची नाही असं ठरवलं, कारण दोन. किटमुळे रॉकर ओले दिसतात, पण मधलं कॅम बेअरिंग उपाशी आहे की नाही हे कळायचा मार्गच बंद होतो. शिवाय जी नळी कधीतरी हादऱ्याने तडकते, ती तडकते एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर.

केलेलं काम: रॉकर स्टँड उतरवले, शाफ्टच्या टोकांचे बूच काढून आतून ब्रशने साफ केलं. चहाच्या गाळासारखा जाड थर निघाला. हेडच्या वाटेतून पितळी तार घालून पाहिली, चालकाच्या बाजूला तार अर्ध्यावर अडकली. तेवढ्यावर वाट मोकळी झाली असं मानायचं नाही. ढकललेला गाळ कॅम बेअरिंगकडे जातो. हेड काढणं भाग आहे.

९ डिसेंबर

दोन्ही हेड उतरवली. सहाव्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एका बाजूला जळलेला, सातव्याची सीट खडबडीत. इन्टेकची तोंडं या इंजिनात शेजारी शेजारी नसून एकावर एक आहेत, त्यामुळे इन्टेक मॅनिफोल्ड काढताना खालच्या तोंडात काही पडलं तर लगेच दिसत नाही. काढल्या काढल्या सगळ्या तोंडांत कापड कोंबलं.

सिलिंडरचा व्यास तपासला: वरच्या बाजूला ३.८०३ इंच. मूळ ३.८०. पुन्हा बोअर करायची गरज नाही, हलकं होनिंग (आतून बारीक घासणं) पुरेल.

१६ डिसेंबर

इंजिन बाहेर काढलं. कॅम आणि मधलं बेअरिंग पाहायचं तर दुसरा मार्ग नाही, कारण वाय-ब्लॉकचे टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे तुकडे) छत्रीसारखे आहेत. खालची बाजू देठापेक्षा रुंद, म्हणून ते वरून निघत नाहीत, खालून घालावे लागतात. खालचा तेलाचा चेंबर उतरवून, इंजिन स्टँडवर उलटं करून, टॅपेट आपल्या वजनाने कॅमपासून दूर राहतात; मग कॅम पुढून सरळ ओढून घेता येतो. इंजिन सरळ उभं ठेवून ओढला तर टॅपेट कॅमच्या उंचवट्यांत अडकतात आणि बेअरिंग ओरबाडलं जातं. टॅपेट काढताना प्रत्येकाला नंबर टाकून ठेवला. झिजलेला कॅम आणि टॅपेट जोडीनेच चालतात.

मधलं कॅम बेअरिंग झिजलेलं होतं, तेलाच्या भोकाभोवती पितळ दिसत होतं. पाचही बेअरिंग नवीन घातली. प्रत्येकाचं भोक ब्लॉकच्या भोकाशी जुळलं आहे का, हे तार घालूनच खात्री केली. डोळ्यांनी जुळल्यासारखं दिसतं आणि अर्धं झाकलेलं असतं.

टायमिंग चेन नवी. ज्याने दुसरी इंजिनं केली आहेत, त्याचा हात इथे सवयीने चुकतो. बहुतेक व्ही-८ मध्ये दोन्ही स्प्रॉकेटवरच्या खुणा समोरासमोर आणतात. वाय-ब्लॉकमध्ये तसं केलं तर व्हॉल्व्हचं टायमिंग पूर्ण बिघडतं. इथे दोन खुणांच्या मध्ये चेनच्या १२ पिना मोजाव्या लागतात, शॉप मॅन्युअलच्या चित्रात दाखवलेल्या बाजूने. खुणांवर पांढरा रंग लावून दोन वेगळ्या माणसांनी मोजल्या. १२ आल्या.

क्रँकचं मागचं सील बदललं. त्याच्या धारकाच्या दोन बाजूंच्या पट्ट्या विसरल्या जातात आणि मग सील नवं असूनही तेल टपकत राहतं.

२३ डिसेंबर

हेड परत आली. व्हॉल्व्ह नवे, गाइड नवी, एक्झॉस्टच्या सीट कडक केलेल्या. आताच्या पेट्रोलमध्ये शिसं नाही, जुन्या मऊ सीट त्यावर हळूहळू खचतात.

गॅस्केटवर 'फ्रंट' असं कोरलेलं असतं. दोन्ही हेडसाठी तेच गॅस्केट, एका बाजूला पालथं करून. दोन्हीकडे 'फ्रंट' पुढेच यायला हवं. उलटं बसलं तर पाणी ब्लॉकमधून पुढच्या पुढेच हेडमध्ये शिरतं, मागच्या सिलिंडरांपर्यंत फिरतच नाही, आणि गाडी दर उन्हाळ्यात तापते. बाहेरून रेडिएटरवर खर्च होत राहतो.

हेडचे बोल्ट तीन टप्प्यांत, शेवटी ७० पाउंड-फूट. मेन कॅप १०० पाउंड-फूट, रॉड ४८.

६ जानेवारी २०२४

कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर. ही गाडी रस्त्यावर मरगळलेली का होती, याचं उत्तर आज मिळालं.

१९५५ आणि १९५६ च्या थंडरबर्डमध्ये डिस्ट्रिब्युटर 'लोडोमॅटिक' आहे. त्याच्या आत फिरणारी वजनं नाहीतच. इतर डिस्ट्रिब्युटरमध्ये वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि स्पार्क पुढे सरकतो. व्हॅक्यूम फक्त मदतीला असतो. इथे संपूर्ण ॲडव्हान्स एकट्या व्हॅक्यूमवर आहे. तो व्हॅक्यूम कार्ब्युरेटर दोन ठिकाणांहून घेतो, एक व्हेंचुरीतून (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून) आणि एक थ्रॉटलच्या वरून, आणि आत बसवलेल्या एका छोट्या स्पार्क व्हॉल्व्हने दोन्हींचं मिश्रण करतो. वेग वाढला की व्हेंचुरीतली हवा जोरात वाहते, तिथला व्हॅक्यूम वाढतो, स्पार्क पुढे जातो. कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर हे मिळून एकच यंत्र आहे, दोन डब्यांत वाटलेलं.

या गाडीवर कोणीतरी कार्ब्युरेटर बदलला. नव्यात स्पार्क व्हॉल्व्ह नाही, व्हॅक्यूमचं तोंड फक्त थ्रॉटलच्या वरचं. पायाने पेडल थोडं दाबलं तर ठीक. पूर्ण दाबलं की तिथला व्हॅक्यूम शून्यावर येतो आणि स्पार्क मागे सरकतो, नेमका ज्या क्षणी पुढे हवा त्या क्षणी. परिणाम म्हणजे ओढ नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालबुंद, रेडिएटर तापलेला, आणि सहाव्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेला. तेल कमी पडलं हे एक कारण, हे दुसरं. दोन्ही एकाच जागी भेटले.

इलाज दोनच आहेत आणि मधला नाही. एक, दोन्ही मूळचे: होली ४००० कार्ब्युरेटर आणि लोडोमॅटिक. दोन, दोन्ही बदललेले: नंतरचा कार्ब्युरेटर आणि १९५७ चा डिस्ट्रिब्युटर, ज्यात वजनंही आहेत आणि व्हॅक्यूमही. थंडरबर्डला टॅकोमीटरची (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याची) केबल डिस्ट्रिब्युटरमधून निघते, त्यामुळे दुसरा मार्ग निवडला तर १९५७ च्या थंडरबर्डचाच हवा. साध्या फोर्डचा चालत नाही, टॅकोमीटर मरतो. फोर्डनेच १९५७ ला लोडोमॅटिक सोडून दिला, यावरून त्याची मर्यादा कळते.

ही गाडी १९५६ ची ठेवायची, म्हणून पहिला मार्ग. होली ४००० मिळवला. उंच, झाकणाचा, चहाच्या किटलीसारखा दिसतो आणि अमेरिकेतले लोक त्याला तेच म्हणतात, 'टीपॉट'. त्याच्यातला दोष लिहून ठेवण्यासारखा आहे. सांध्यांची गॅस्केट अशा जागी आहेत की गळलेलं पेट्रोल थेट तापलेल्या इन्टेकवर पडतं. आणि गळती थांबवायला माणूस स्क्रू अजून आवळतो, मग वरचा भाग वाकतो, मग गळती वाढते. आधी काचेवर बारीक वाळूकागद ठेवून तिन्ही तुकड्यांच्या सपाट बाजू घासल्या, फिलर गेजने तपासल्या. सगळ्यांत मोठी फट ०.००९ इंच होती, आता ०.००२ पेक्षा कमी. गॅस्केट नवी, स्क्रू कोपऱ्यातून कोपऱ्यात, हलक्या हाताने. बेंचवर पेट्रोल भरून रात्रभर खाली पांढरा कागद ठेवला. कागद कोरडा.

स्पार्क व्हॉल्व्ह बसवताना त्याचं गॅस्केट विसरायचं नाही. तिथून हवा शिरली तर वर लिहिलेलं सगळं पुन्हा होतं.

लोडोमॅटिकच्या आत पॉइंटच्या पाटीला दोन स्प्रिंगा आहेत. एक हलकी, एक जड. त्यांचा ताण टाचण्या फिरवून जमवायचा असतो, आणि तो टेस्ट मशीनवर व्हॅक्यूम पंप लावूनच जमतो. अंदाजाने फिरवू नये. आधीच्या कोणीतरी जड स्प्रिंग पूर्ण सैल केली होती. पाटीचं पिव्हट कोरडं होतं, तेल दिल्यावर मोकळं हललं. डायफ्रॅम तपासला: तोंडाने ओढून जीभ लावली, एक मिनिट धरून ठेवतो.

२० जानेवारी

वायरिंग. १९५५ ला ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ. १९५६ ला १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ. १९५५ ची मोटर, रिले, बल्ब, काहीही या गाडीत लावायचं नाही, दिसायला सारखं असलं तरी.

पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा, दोन्ही एकदम वर जात होते. दोघांना एकाच छोट्या व्होल्टेज रेग्युलेटरमधून सरासरी ५ व्होल्ट मिळतात. त्याच्या घराला अर्थ नसेल तर तो जोडतोड थांबवतो आणि पूर्ण १२ व्होल्ट काट्यांना जातात. गंज खरवडून स्क्रू बसवला, दोन्ही काटे खाली आले. दोन काटे एकाच वेळी खोटं बोलत असतील तर टाकी किंवा सेन्सर उघडण्याआधी हे पाहावं.

३ फेब्रुवारी

चासी आणि पत्रा. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, त्याने जे व्हायचं ते झालं आहे. सडलेली ठिकाणं: पुढच्या पंख्याचा चाकामागचा खालचा भाग, दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या पट्ट्या, चालकाच्या पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ. चासीच्या बाजूच्या दांड्या पेटीसारख्या बंद आहेत, त्यामुळे गंज आतून येतो आणि बाहेरचा रंग शाबूत असतो. हातोडीने टक टक करत गेलो की आवाज बदलतो. मागच्या ॲक्सलवरून चासी वर उचलते तिथे, चालकाच्या बाजूला, आवाज बदलला. कापलं तर आत पत्रा कागदाएवढा. नव्या ३ मिमी पत्र्याचं ठिगळ, कडेकडेने वेल्डिंग, मध्ये गार होऊ देत. दार बसवून, फटी मोजत मोजत वेल्ड करायचं. या गाडीचा ताठपणा चासीत आणि दाराखालच्या पट्ट्यांत आहे, जॅक चुकीच्या जागी असेल तर वेल्ड झाल्यावर दार लागत नाही.

बॉडीच्या सांध्यांत कारखान्यात शिसं भरलेलं आहे. ग्राइंडर लावायचा नाही, धूळ विषारी असते. तापवून काढलं.

इथे गाडीच्या जन्माची एक गोष्ट उपयोगी पडते. सस्पेन्शन, ब्रेक, बॉल जॉइंट, बहुतेक सगळं फोर्डच्या रोजच्या सेदानच्या घराण्यातलं आहे. प्रमुख अभियंता विल्यम बर्नेट यांनी चाचणीसाठी दोन दारांची फोर्ड सेदान मधून कापून १०२ इंचांवर आणली होती. तिला कारखान्यात 'बर्नेटी' म्हणत. कमी वेळात, कमी खर्चात नवी गाडी उभी राहिली ती अशी. आणि म्हणूनच आज ब्रेकचे भाग मिळायला त्रास नाही. चारही चाकांना ११ इंचाचे ड्रम. मास्टर सिलिंडर मात्र एकाच कप्प्याचा आहे, एक रबरी नळी फुटली की चारही ब्रेक जातात. तिन्ही रबरी नळ्या नव्या घातल्या, लोखंडी नळ्याही.

१७ फेब्रुवारी

पुढच्या पंख्यांवरची हवेची झाकणं. बिजागऱ्या गंजून बसल्या होत्या, तेल आणि थोडी ऊब देऊन सोडवल्या. खालच्या रबराची पट्टी गेली असेल तर पाऊस थेट पायापाशी येतो, आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा सडला त्याचं हे एक कारण.

१९५५ च्या गाडीत ही झाकणं नव्हती. मोठं इंजिन लहानशा खोलीत, आणि त्याच्या मागे लगेच माणसांचे पाय. उन्हाळ्यात गिऱ्हाइकांना ते सोसेना. १९५६ मध्ये फोर्डने पंख्यांत झाकणं कापली आणि पुढच्या काचेच्या बाजूंना वारा वळवणाऱ्या काचाही दिल्या. छोट्या दुरुस्त्या आहेत, पण एका वर्षात गिऱ्हाइकाचं ऐकून पत्र्याचे साचे बदलणं याला मान द्यायला हवा.

रेडिएटर आतून धुऊन, दाब देऊन तपासला. थर्मोस्टॅट १८० अंश फॅरनहाइटचा.

२ मार्च

मागचं बाहेरचं चाक आणि एक्झॉस्ट.

१९५५ ला सुटं चाक डिकीत होतं आणि सामानाला जागा उरत नव्हती. १९५६ ला ते मागे बाहेर लटकवलं, 'कॉन्टिनेंटल' पद्धतीने. गाडीची लांबी १७५.३ इंचांवरून १८५.२ झाली. चाक, त्याचं कव्हर, त्याची चौकट, सगळं वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे. पुढचं टोक हलकं होतं, वळणावर स्टीअरिंगमध्ये ते कळतं. डिकी उघडायची तर आधी चाक मागे झुकवायचं. या गाडीत बिजागरीची पिन झिजली होती, चाक खडखडत होतं, आणि त्या हादऱ्याने चौकटीच्या वेल्डला बारीक भेग गेली होती. पिन नवी खरादून घेतली, भेग उकरून वेल्ड केली.

चाक मध्ये आल्यामुळे १९५६ ला एक्झॉस्टची तोंडं बंपरच्या दोन टोकांना नेली. १९५५ ला ती बंपरच्या उभ्या गार्डमधून निघत. वाकवलेल्या जुन्या नळ्या काढून १९५६ च्या मापाच्या बसवल्या. नळीचं टोक बंपरच्या भोकाला टेकता कामा नये. टेकलं तर क्रोम आतून जळून पिवळा पडतो आणि गाडी उभी असताना गुणगुण आवाज येतो. चारी बाजूंना अर्धा इंच मोकळं ठेवलं.

१९५७ ला फोर्डने शेपूट लांब केली आणि चाक परत आत घेतलं. त्या गाडीची लांबी १८१.४ इंच. चाकं १५ ऐवजी १४ इंची.

१६ मार्च

१९५६ चं खोलगट स्टीअरिंग मिळालं, बसवलं. त्या वर्षी फोर्डने 'लाइफगार्ड' नावाने सुरक्षेच्या गोष्टी आणल्या: मध्ये खोल असलेलं स्टीअरिंग, धडकेत न उघडणारी दाराची कुलपं, आणि जादा पैशांत डॅशबोर्डची गादी व सीट बेल्ट. धडक झाली तर छाती आधी गोल कड्यावर आदळावी, मधल्या दांड्यावर नाही, हा खोलगटपणाचा हेतू. या गाडीवर सपाट स्टीअरिंग परत ठेवणं म्हणजे १९५६ चं सगळ्यांत महत्त्वाचं पाऊल पुसून टाकणं झालं असतं. दांडा आत-बाहेर ३ इंच सरकतो. सरकणारा भाग साफ करून ग्रीस दिलं.

३० मार्च

हार्डटॉपला गोल खिडक्या कापायच्या का? १९५५ च्या हार्डटॉपची मागची बाजू बंद होती, तिरकं मागे पाहताना काहीच दिसत नसे. १९५६ ला गोल खिडकीचा हार्डटॉप आला, आणि साधाही मिळत होता. या गाडीचा साधा आहे, आतला थर मूळचा आहे. कापायचा नाही. फायबरग्लासच्या केसासारख्या भेगा उकरून रेझिनने भरल्या. पत्र्यावर भरतात ती लांबी (पुट्टी) तिथे लावायची नाही, उन्हात फुगून निघते.

१३ एप्रिल

इंजिन बसवलं. सुरू करण्याआधी तेलाचा पंप ड्रिलने उलट-सुलट न करता योग्य दिशेने फिरवला, रॉकर कव्हर उघडी ठेवून, क्रँक हाताने हळूहळू फिरवत. कॅमची भोकं एका ठराविक स्थितीतच जुळतात, म्हणून क्रँक न फिरवता रॉकर कोरडेच दिसतील आणि उगाच घाबरायला होईल. दोन्ही बाजूंच्या सोळाही रॉकरवर तेल आलं. त्यानंतरच डिस्ट्रिब्युटर घातला.

फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-४-८-६-३-७-२. पहिल्या फेऱ्यात पेटलं. नवा कॅम आणि टॅपेट असल्यामुळे २० मिनिटं मिनिटाला २,००० फेऱ्यांवर, जस्त जास्त असलेल्या तेलावर. आयडलवर सोडून द्यायचं नाही. टॅपेटला तेल फेकलं जात नाही आणि कॅम त्याच दिवशी संपतो.

टायमिंग लावताना व्हॅक्यूमची नळी काढून बंद केली. लोडोमॅटिकमध्ये नळी लावून टायमिंग पाहिलं तर प्रत्येक वेळी वेगळं दिसतं.

टॅपेट गरम इंजिनावर, इन्टेक आणि एक्झॉस्ट दोन्ही ०.०१९ इंच. हे टॅपेट हायड्रॉलिक नाहीत. हलका टिक टिक आवाज यायलाच हवा. आवाज बंद करायला गॅप कमी केला की व्हॉल्व्ह जळतात.

२७ एप्रिल

६० मैल चालवली. पूर्ण पेडलवर आता ओढ आहे, तापमान मध्यावर स्थिर. कॉम्प्रेशन पुन्हा: सगळे १४० ते १४८.

माहितीफलकासाठी इतिहासाचा मजकूर आजच लिहून ठेवला, म्हणजे गाडीशेजारी लावता येईल:

'थंडरबर्ड प्रथम २० फेब्रुवारी १९५४ रोजी डेट्रॉईटच्या प्रदर्शनात दिसली, विक्री २२ ऑक्टोबर १९५४ ला सुरू झाली. रूप फ्रँक हर्शी आणि विल्यम बॉयर यांच्या चमूचं. नाव सुचवलं ते अल्डन गिबर्सन या तरुण डिझायनरने. फोर्ड विभागाचे प्रमुख लुइस क्रूसो यांनी ठेवलेल्या बक्षिसाऐवजी त्याला एक सूट मिळाला. १९५५ मध्ये १६,१५५ गाड्या बनल्या. त्याच वर्षी कॉर्व्हेट ७०० बनल्या. १९५६ मध्ये १५,६३१, १९५७ मध्ये २१,३८०. १९५७ मध्ये मॅककुलॉकचा सुपरचार्जर लावलेलं ३०० अश्वशक्तीचं इंजिनही थोड्या गाड्यांना मिळालं. शेवटची दोन सीटची गाडी १३ डिसेंबर १९५७ ला बनली. रॉबर्ट मॅक्नमारा यांच्या आग्रहाने १९५८ ला चार सीटची, ११३ इंच व्हीलबेसची थंडरबर्ड आली आणि ३७,८९२ बनल्या.'

फलकावर 'स्पोर्ट्स कार' हा शब्द घालायचा नाही. या गाडीतला प्रत्येक भाग हाताळल्यावर ठाम वाटतं की ती आरामासाठीच बनली, आणि चार सीटच्या गाडीकडे जाणारी वाट १९५६ च्या हवेच्या झाकणांतून आणि मोठ्या डिकीतूनच सुरू झाली. दोन सीट गेल्याचं दुःख करणाऱ्यांनी हे आकडे आणि हे भाग एकत्र पाहावेत.

उरलेली कामं: ५०० मैलांवर तेल बदलणं, टॅपेट पुन्हा ०.०१९ वर, हेडचे बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा तपासणं. प्रवाशाच्या बाजूची वीज-खिडकी शेवटच्या दोन इंचांत अडखळते. रेग्युलेटरचा दात पाहायचा. होली ४००० खाली पांढरा कागद पुढचा महिनाभर रोज रात्री.